गुराबेची तिसरी फासळी

जहाज बांधायला बसलं की अण्णांना काही विचारायचं नाही, हा नियम अण्णांनीच घातला होता. समोर खोका असे. खोक्यात लाकडाचे कापलेले तुकडे, लांब पट्ट्या, दोऱ्याची गुंडी, कागदात गुंडाळलेल्या पितळी तोफा, आणि सोबत अण्णांनी काढलेला नकाशा व सूचनांचे कागद. त्या कागदांवरून जेवढं कळेल तेवढ्यावर मी जहाज उभं करायचं. कुठे अडलं तर कागदावर त्या जागी लाल पेन्सिलीने फुली मारायची आणि मग अण्णा ती सूचना नव्याने लिहीत. “खोका घेणारा माणूस मला विचारायला बेंगळुरात, बनशंकरीला येणार आहे का?” असं ते म्हणत. मी तेव्हा पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, होते. माझी बोटं बारीक होती आणि जहाजांविषयी मला काहीही माहीत नव्हतं. या कामाला एवढीच पात्रता लागत होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घरांत वडिलांना अण्णा म्हणत आणि आईला मात्र आईच. एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी सगळी नोकरी काढली होती. मी त्यांना बरीच उशिरा झालेली, त्यामुळे ते निवृत्त झाले तेव्हा माझं शिक्षण अर्धंही झालं नव्हतं. कारखान्यातून त्यांनी आणलेली एकच वस्तू म्हणजे ड्रॉइंगचा मोठा बोर्ड. तो पुढच्या खोलीत खिडकीखाली मांडलेला असे. यशवंतपूरला मालगाड्यांच्या यार्डाला लागून नंजुंडप्पांचं लाकूडकामाचं छोटं युनिट होतं. ते आधी शाळांसाठी फूटपट्ट्या आणि खडूच्या पेट्या बनवत. मग कुणा परदेशी व्यापाऱ्याने त्यांना जुन्या जहाजांच्या मॉडेलचे खोके बनवायचं काम दिलं. परदेशातून आलेले नकाशे नंजुंडप्पांच्या करवतींना झेपतील असे पुन्हा काढायला त्यांना माणूस हवा होता, आणि तो त्यांना अण्णांमध्ये मिळाला. ते अण्णांना ‘मेष्ट्रे’ म्हणत, गुरुजी म्हणावं तसं.

त्या दिवसांतला घरातला आवाज मला अजून नीट आठवतो. टी-स्क्वेअर बोर्डाच्या कडेवर आपटल्याचा टक् असा आवाज, मग बराच वेळ शांतता, मग ब्लेडने शाई खरवडल्याचा आवाज. नकाशाच्या प्रिंट घरी आल्या की अमोनियाचा वास येई आणि आई पदर नाकाला लावून सगळ्या खिडक्या उघडी. थंडीत अवरेकाळूचा, म्हणजे पावट्यांचा, हंगाम असे. आई ते भिजत घालून एकेक दाणा चिमटीत दाबून सोलत बसायची आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी जहाज बांधत असायचे. सालं उडून माझ्या डेकवर पडत. पट्ट्या वळवायच्या तर आधी गरम पाण्यात भिजवाव्या लागतात, त्यासाठी मी न्हाणीघरातलं गंगाळ घेई आणि आई, लाडाने मला पुट्टी म्हणजे छोटी म्हणणारी, रोज तेच म्हणे, “पुट्टी, स्वल्प आधी सांगत जा गं. मी त्यात पाणी काढायला जाते तर आत लाकडं.” मग आम्ही गरम भातावर पावट्यांची हुळी, म्हणजे आंबटसर आमटी, घेऊन जेवत असू आणि जहाज तोवर टेबलाच्या कडेला सरकवलेलं असे. हल्ली शेजारी पुण्याचं एक तरुण जोडपं राहायला आलं आहे. मी ‘थोडं’ऐवजी ‘स्वल्प’ म्हटलं की ती मुलगी गोड हसते. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते नीटसं कळत नाही, पण वाईटही वाटत नाही.

एके दिवशी नंजुंडप्पा घरी आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, “मेष्ट्रे, त्या व्यापाऱ्याला आता इंडियातलं एखादं जहाज हवंय. तुम्ही मराठे ना? तुमच्या लोकांचं आरमार होतं म्हणे. त्यातलं काढा की एक.” अण्णा हसले. आमचे पूर्वज इथे आले ते घोड्यांवरून, समुद्राशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. अण्णांनी स्वतः समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, लग्नाच्या आधी, गोकर्णाला. पण ते नाही म्हणाले नाहीत. लायब्ररीतून त्यांनी जुन्या चित्रांच्या प्रती आणल्या, मापांच्या याद्या उतरवून घेतल्या आणि गुराब काढायला घेतली. गुराब म्हणजे मराठ्यांचं लढाऊ जहाज. त्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि निमुळती असते आणि पाण्यावर पुढे झेपावलेली दिसते. याआधी अण्णांनी जे काढलं ते दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवलेलं होतं. हे एकच त्यांचं स्वतःचं. पाच महिने ते त्यावर होते. आई त्यांना जेवायला बोलवायची तेव्हा “सरी, सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणायचे आणि उठायचे मात्र नाहीत.

दसऱ्यानंतर पहिला खोका घरी आला आणि मी बसले. अशा जहाजात एक लांब उभी फळी असते, तो जहाजाचा कणा. त्याच्या खाचांत आडव्या फासळ्या बसवायच्या आणि त्या फासळ्यांवरून एकाला एक लागून पट्ट्या चिकटवत न्यायच्या, म्हणजे जहाजाचं अंग तयार होतं. फासळ्यांची कड जिथे जिथे नेमकी असते तिथे पट्टी आपणहून वळते, जोर लावावा लागत नाही. गुराबेच्या मागच्या भागात तसंच झालं. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या फासळीपाशी आल्यावर मात्र पट्टी आत दबायला लागली. मी चिमटे लावले, टाचण्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी गोंद वाळल्यावर बोट फिरवलं तर तिथे खळगा. दोन्ही अंगांना, अगदी सारखा.

मला वाटलं माझंच चुकलं. मी त्या पट्ट्या काढल्या, फासळ्या खरवडून साफ केल्या, नव्या पट्ट्या जास्त वेळ भिजवल्या आणि पुन्हा लावल्या. पुन्हा खळगा. तेव्हा मी लाल पेन्सिल हातात घेतली. नेमके त्याच वेळी अण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी जहाज उचललं, मान जराशी तिरकी करून नाळेकडून बघितलं, बराच वेळ बघितलं. खळगा त्यांच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर होता. “काय सुरेख वळलंय गं,” ते म्हणाले. “इथेच मला भीती होती. इथेच.” आणि त्यांनी तिसऱ्या फासळीवरच बोट ठेवलं. अण्णा असं सहसा बोलत नसत. मी पेन्सिल खाली ठेवली.

पुढे काय केलं ते सांगायला मला आता अवघड जात नाही, इतकी वर्षं झाली. मंगळवारी दुपारी आई राहुकाळात लिंबाचा दिवा लावायला बनशंकरीच्या देवळात गेली होती आणि अण्णा आत झोपले होते. मी पट्ट्या तिसऱ्यांदा काढल्या. उरलेल्या लाकडाच्या चार बारीक कापट्या घेतल्या, त्या तिसऱ्या आणि चौथ्या फासळीच्या कडेवर दोन्ही बाजूंनी चिकटवल्या आणि वाळल्यावर घासून घासून नेमक्या उंचीला आणल्या. मग वर पट्ट्या लावल्या. त्या सुरेख बसल्या. आतल्या कापट्या झाकल्या गेल्या आणि बाहेरून कुणालाही काही कळलं नसतं. सूचनांच्या कागदावर मी काही लिहिलं नाही. त्या वेळी मला आपण काही खोटं करतोय असं वाटलं नव्हतं. आपण मदत करतोय असं वाटलं होतं, आणि हातही छान चालला होता.

संक्रांतीला नंजुंडप्पा एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा तीळगूळ, आणि उसाची कांडकी घेऊन आले. जहाज तयार होतं, शिडांसकट. त्यांनी ते हातात घेतलं नाही, टेबलाभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, “मेष्ट्रे, यासाठी मी उगाच तुम्हाला विचारलं नाही.” अण्णा तीळगुळाचा डबा पुढे करत आईला म्हणाले, “आणि हिने अख्ख्या कागदावर एकही फुली मारलेली नाही. एकही नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं.” नंजुंडप्पांनी माझ्या हातावर जास्तीचं एळ्ळु-बेल्ल ठेवलं. ते मॉडेल त्यांनी युनिटमध्ये दाखवायला म्हणून बरोबर नेलं आणि आठवड्याभरात तिकडे फासळ्या कापायला सुरुवात झाली.

मी हे विसरून गेले असते. तोवर कॉलेजची परीक्षा जवळ आली होती आणि अण्णांकडे दुसरा खोका नव्हता. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी पुढच्या खिडकीचे गंजलेले गज बदलायला एक लोहार आला. काम झाल्यावर अण्णा बोर्डापाशी बसल्या बसल्या त्याला म्हणाले, “हा मधला वाकडा बसवलास बघ. काढ तो.” लोहार म्हणाला सरळ आहे. अण्णा म्हणाले वाकडा आहे, मधेच पोटात गेलाय. लोहाराने पिशवीतून ओळंबा काढला आणि गजाला लावला. दोरी गजाला वरपासून खालपर्यंत चिकटून राहिली. आई दारातून म्हणाली, “सरळच आहे हो.” अण्णांनी दोरीकडे बघितलं. मग म्हणाले, “दोरीही वाकडी आहे.” आणि ते बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच काहीतरी कळलं असावं, कारण लोहाराला त्याचे पैसे देऊन ते एकदम आत निघून गेले. मी धुतलेले कपडे हातात घेऊन तिथेच उभी होते. नकाशात फासळीची कड नजरेने जुळवतात, फूटपट्टीने नाही. अण्णांना सरळ रेघ वाकडी दिसत होती, म्हणून त्यांनी ती त्यांच्या डोळ्यांना बरी दिसेपर्यंत दुरुस्त केली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आई पलीकडे तांदूळ निवडत होती.

“अण्णा, गुराबेत मी भर घातली आहे.”

“कसली भर?”

“तिसऱ्या आणि चौथ्या फासळीवर. कापट्या लावल्या. तिथे खळगा पडत होता.”

ते उठले. कपाटातून कापलेल्या फासळ्यांचा जास्तीचा संच काढला, कण्याच्या फळीत पहिल्या पाच फासळ्या एकेक करून बसवल्या, आणि मग डोळे मिटून अंगठा त्यांच्या कडांवरून सावकाश फिरवला. दुसरीवरून तिसरीवर आला तेव्हा अंगठा थांबला. त्यांनी तो मागे नेला आणि पुन्हा आणला.

“आहे,” ते म्हणाले. डोळे उघडले नाहीत. “फुली का मारली नाहीस?”

“तुम्हाला ते सुरेख वाटलं होतं.”

“मला सुरेख वाटावं म्हणून बसवलं होतं का तुला तिथे?”

मी रडले, पण ते रडणं आता मला फारसं आठवत नाही. आठवतं ते आईचं तांदूळ निवडणं थांबलं होतं ते. ती म्हणाली, “सारूची वाटी ते हाताने चाचपून घेतात. दिवाळीपासून. मी पण बोलले नाही.” अण्णांनी तिच्याकडे मान वळवली. घरात तीन माणसं, आणि तिघांनाही थोडं थोडं माहीत होतं. मला आज वाटतं की त्या घरात कुणी कुणाशी वाईट वागलं नाही, आणि तरीही एवढं होऊन बसलं.

“उद्या यशवंतपूरला जायचं,” अण्णा म्हणाले. “माझं मी सांगेन. तुझं तू सांग.”

मॅजेस्टिकला बस बदलून आम्ही गेलो. फासळ्यांची पिशवी अण्णांनी मांडीवर धरली होती आणि मी ती मागितली तरी दिली नाही. युनिटमध्ये करवत चालू होती आणि भुश्शाने सगळं पिवळं झालं होतं. भिंतीला लागून गुराबेचे खोके छतापर्यंत रचलेले होते, वर जहाजाचं चित्र छापलेलं. ते चित्र मी बांधलेल्या जहाजाचं होतं. नंजुंडप्पांनी करवत बंद करवली. अण्णा त्यांना कन्नडमध्ये म्हणाले, “माझ्या डोळ्यात दोष आलाय. नाळेकडच्या दोन फासळ्या मी चुकीच्या काढल्या आहेत. हे सगळे खोके चुकीचे आहेत.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझं सांगितलं. कापट्या कशा लावल्या, कधी लावल्या, आणि कागदावर लिहिलं नाही ते.

नंजुंडप्पांनी एक खोका फोडला, फासळ्या बसवल्या, त्यावर एक कोरडी पट्टी धरून बघितली. मग एका कामगाराला हाक मारून त्यांनी तसल्या कापट्या किती भरभर कापता येतील ते विचारलं.

“मेष्ट्रे, माल पुढच्या आठवड्यात मद्रासला जायला हवा. नव्या फासळ्या कापायला प्लायवूड नाही माझ्याकडे, आणि वेळही नाही. प्रत्येक खोक्यात चार कापट्या टाकू. सूचनांत एक पायरी वाढवू. या मुलीने केलं तेच सगळे करतील.”

“ते चूक झाकणं झालं, नंजुंडप्पा.”

“झाकायचं कुठे? लिहूनच देतोय ना आपण. जहाज नीट दिसतं ना शेवटी? मग सरी.”

अण्णा स्टुलावर बसले. मागे यार्डात डबे जोडत होते, त्याचे दणके एकामागून एक आमच्यापर्यंत येत होते. मला वाटलं ते उठून निघून जातील. थोड्या वेळाने त्यांनी कागद मागितला, तो माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “लिही.” आजवर सूचना ते स्वतः लिहीत, सुबक तिरक्या अक्षरांत. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. चौदावी पायरी. कापटी कुठल्या फासळीवर लावायची, किती घासायची, वर पट्टी धरून कशी तपासायची. इंग्रजीत, साध्या सरळ चार ओळी. एकही शब्द त्यांना बदलावा लागला नाही. निघताना नंजुंडप्पा मला म्हणाले, “तुला राग आला तरी सांगत जा, खुशी वाटली तरी सांगत जा. फुली मारायला लाज कसली?” ते रागावले नव्हते. माल वेळेवर गेला, आणि त्यांना तक्रारीचं पत्र आल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

त्यानंतर अण्णांनी नकाशा काढला नाही. नंजुंडप्पांनी दुसरा माणूस ठेवला, आणि सणाला मात्र ते पूर्वीसारखेच येत राहिले. अण्णा कुणापुढे त्या जहाजाचा विषय काढत नसत. चौदाव्या पायरीची त्यांना लाज वाटत राहिली असं मला वाटतं, पण ते मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. जगात कुठे कुठे लोकांनी त्या कापट्या घासून बसवल्या असतील, त्यांना ती त्या जहाजाची रीतच वाटली असेल. शेजारच्या पुण्याच्या मुलाने मध्यंतरी असलाच एक खोका मागवला. आता सगळं लेझरने कापलेलं येतं, कडा जराशा जळक्या असतात आणि तुकडे एकमेकांत आपसूक बसतात. त्याने मला कौतुकाने दाखवलं आणि मीही कौतुक केलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात मीच अण्णांबरोबर गेले, आईला बस लागते म्हणून. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासमोर चौकटी आखलेला एक कागद धरला आणि त्यांना एक डोळा झाकायला सांगून विचारलं, “रेघा सरळ आहेत?” अण्णा म्हणाले, “आहेत सरळच. मला वाकड्या दिसतात.” त्या बाई लिहिता लिहिता थांबल्या आणि त्यांनी अण्णांना विचारलं, तुम्ही काय काम करता. अण्णांनी कारखान्याचं नाव सांगितलं. जहाजांचं सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी पाकीट घेऊन आले. जेवणं झाली होती, आई टेबल पुसत होती. अण्णा बसले होते तिथूनच म्हणाले, “वाच. मराठीत सांग, म्हणजे हिलाही कळेल.” रिपोर्ट दोन पानी होता. मी बसच्या थांब्यावर तो आधीच वाचला होता, आणि घरी येईपर्यंत कुठलं वाक्य कसं सांगायचं ते मनाशी घोळवलं होतं, हेही लिहून ठेवते. पण वाचायला लागले तेव्हा जसं होतं तसंच सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. चष्म्याने फरक पडणार नाही. यावर सध्या औषध नाही. समोर मध्यभागी जे असेल ते दिसेनासं होईल, बाजूचं दिसत राहील. आईने फडकं टेबलावर ठेवलं आणि ती खुर्चीत बसली.

“दिसेनासं होईल, म्हणजे कधी?” अण्णांनी विचारलं.

“हळूहळू, असं लिहिलंय.”

अण्णांनी मान जराशी बाजूला वळवली. माझ्याकडे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते, आता त्यांना माणसाचा चेहरा तसाच बघावा लागे.

“हळूहळू हा शब्द तुझा की त्यांचा?”

“त्यांचा,” मी म्हटलं.

ते माझ्याकडे तसेच बघत राहिले. आईही माझ्याकडे बघत होती. मी कागद हातात तसाच धरून ठेवला.

“सरी,” अण्णा म्हणाले. “पुढचं वाच.”